‘वाय’ दाबण्याआधी

वीज गेली, यूपीएसची बॅटरी कधीच थकलेली, आणि वीज परत आल्यावर उबुंटू किंवा डेबियन बसवलेला कॉम्प्युटर लॉगिनपर्यंत पोचलाच नाही. काळा पडदा, त्यावर एका पार्टिशनचं नाव, ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’ अशी ओळ आणि खाली कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहिलेला प्रॉम्प्ट. फोनवर उपाय शोधायला गेलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: एफएससीके चालवा, सोबत ‘वाय’ हा पर्याय द्या, म्हणजे ती स्वतःच प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत सगळं नीट करेल. पुष्कळदा होतंही तसं. अडचण उरलेल्या वेळांची आहे, कारण या कमांडने केलेली दुरुस्ती सहसा मागे घेता येत नाही.

(कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची.)

आधी मशीन नेमकं कुठे अडलंय ते पाहू. ग्रबने कर्नल मेमरीत आणला, कर्नलने सोबतची एक छोटीशी तात्पुरती फाइल सिस्टिम रॅममध्येच उघडली. तीच इनिटरॅमएफएस. खरं रूट पार्टिशन शोधायचं, तपासायचं, माउंट करायचं आणि सूत्रं त्याच्या हाती देऊन बाजूला व्हायचं, एवढंच तिचं काम. तपासणीच्या पायरीवर एफएससीके ‘प्रीन’ नावाच्या सावध पद्धतीने चालते: डोळे झाकून करता येण्यासारख्या दुरुस्त्या ती परस्पर उरकते आणि जिथे निर्णय माणसाने घ्यायला हवा तिथे हात वर करते. म्हणजे तुमच्यासमोर प्रॉम्प्ट आला, याचा अर्थच असा की निरुपद्रवी भाग उरकलेला आहे आणि उरलेल्यासाठी माणूस हवा आहे. अशा जागी येऊन सगळ्याला सरसकट ‘हो’ म्हणणं मला तरी उफराटं वाटतं. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. रूट पार्टिशन अजून माउंट झालेलं नाही, त्यामुळे त्यावर कोणी काही लिहीत नाहीये. घाई करण्याचं कारणच नाही.

प्रत्येक न-बूट होणारं मशीन फाइल सिस्टिमने आजारी असतं असंही नाही. पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत घड्याळ दीड मिनिट मोजत राहिलं आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ येऊन रूटचा पासवर्ड मागितला गेला, तर आधी ‘ईटीसी’मधली ‘एफस्टॅब’ फाइल उघडून बघावी. त्यात लिहिलेल्या यूयूआयडीची डिस्क आता जोडलेलीच नाही, पार्टिशन नव्याने फॉरमॅट केल्यामुळे त्याचा यूयूआयडी बदलला, किंवा ओळीत टायपिंगची चूक राहिली, यांपैकी काहीतरी निघतं. ‘बीएलकेआयडी’ कमांड प्रत्यक्षातले यूयूआयडी दाखवते. ते फाइलशी ताडून पाहायचे. जी डिस्क नसली तरी मशीन सुरू व्हायला हवं, तिच्या ओळीत ‘नोफेल’ घालून ठेवायचं. इथे एफएससीकेचा काही संबंध नाही.

दुसरी शक्यता जास्त गंभीर: डिस्कच मरणपंथाला लागली आहे. ‘डीएमईएसजी’ कमांडने कर्नलचे निरोप वाचावेत. ‘ईएक्सटी४-एफएस एरर’ अशा ओळी एकट्याच असतील तर बिघाड फाइल सिस्टिमच्या नोंदींत असण्याची शक्यता मोठी. पण त्यांच्या आसपास ‘आय/ओ एरर’, सेक्टरचे आकडे, पुन्हा पुन्हा ‘लिंक रीसेट’ असं दिसू लागलं, तर खाली हार्डवेअर डळमळतंय. मग ‘स्मार्टसीटीएल’ला ‘ए’ पर्याय देऊन डिस्कची स्वतःची नोंदवही वाचायची. साटा जोडणीच्या हार्ड डिस्कवर तीन ओळी आधी बघाव्यात. ५ क्रमांकाची ओळ बदलून टाकलेले सेक्टर मोजते. १९७ क्रमांकाची ओळ डिस्कला वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले सेक्टर मोजते, आणि ती शून्य नसेल तर सावध व्हायचं. १९९ वाढत असेल तर संशय डिस्कपेक्षा केबलवर घ्यायचा. शंभर-दीडशे रुपयांची केबल बदलून प्रकरण मिटू शकतं. वर ठळकपणे छापलेल्या ‘पास्ड’ या शेऱ्यावर विसंबू नये. तो शेरा मिरवत असतानाच बंद पडणाऱ्या डिस्क कमी नसतात.

आता एफएससीके दुरुस्त करते म्हणजे काय करते, ते समजून घेऊ. ईएक्सटी४ ही लिनक्सवर सगळ्यात रुळलेली फाइल सिस्टिम. २००८च्या डिसेंबरात आलेल्या २.६.२८ या कर्नलपासून ती स्थिर मानली गेली. तिच्यात फाइलचं नाव एका ठिकाणी, फाइलची माहिती दुसऱ्या ठिकाणी आणि मजकूर तिसऱ्या ठिकाणी असतो. नाव डिरेक्टरीत. मालक कोण, आकार किती, मजकूर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, हे आयनोडमध्ये. कुठले ब्लॉक भरलेले आणि कुठले मोकळे, याचा हिशेब बिटमॅपमध्ये. आणि या सगळ्याचा ताळा असलेला सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट्सवर. एक साधी फाइल बनवली तरी यातल्या अनेक जागी लिहावं लागतं, आणि डिस्क एका दमात एकाच जागी लिहू शकते. दोन लिखाणांच्या मध्ये वीज गेली की हिशेब फिसकटतो.

पूर्वी यावर एकच उपाय होता: प्रत्येक अपघातानंतर सगळी डिस्क पहिल्यापासून तपासायची. एफएससीके जन्मली ती त्यासाठीच. मूळ कमांड टेड कोवाल्स्की यांची. तिच्याआधी युनिक्सवर ‘आयचेक’, ‘डीचेक’ अशा सुट्या कमांड चालवून त्यांचे निकाल माणसाने जुळवायचे असत. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी तासन्‌तास चालू लागली. मग २००१मध्ये लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आलेल्या ईएक्सटी३सोबत ईएक्सटी घराण्यात जर्नल आलं: काय बदलणार ते आधी एका राखीव जागेत लिहायचं, मग मूळ जागी. वीज गेली तर पुढच्या वेळी जर्नलमधल्या पूर्ण नोंदी पुन्हा लागू करायच्या, अर्धवट नोंदी सोडून द्यायच्या. काही सेकंदांत काम होतं, आणि म्हणूनच एरवी वीज गेल्यावरही आपल्याला काही जाणवत नाही.

मग तरीही बिघडतं कसं? रॅममधला एखादा बिट उलटतो आणि चुकीची नोंदच इमानेइतबारे जर्नलमध्ये जाते. डिस्क ‘लिहिलं’ म्हणते, पण प्रत्यक्षात ते तिच्या कॅशमध्येच असतं आणि विजेबरोबर उडून जातं. यूएसबी डिस्क मध्येच उपसली जाते. सेक्टर खराब होतो. यातल्या कशावरही जर्नलचा इलाज चालत नाही. शिवाय ईएक्सटी४ नेहमीच्या पद्धतीत जर्नल ठेवते ते मेटाडेटाचं. तुमच्या फाइलमधला मजकूर त्यात नसतो.

एफएससीकेची वृत्ती दुकानाच्या मुनिमासारखी आहे. वर्षअखेरीला वह्या जुळल्या पाहिजेत, मग त्यासाठी एखादी नोंद खोडावी लागली तरी चालेल. गोदामातलं पोतं फाटून तांदूळ सांडलाय की नाही, हे तो बघत नाही. ही कमांड फाइल सिस्टिम सुसंगत करते, तुमचा डेटा वाचवत नाही. दोन्ही हेतू बहुधा एकत्र साधतात, पण जिथे साधत नाहीत तिथे ती सुसंगतीच्या बाजूने जाते आणि आयनोड पुसून टाकते. म्हणून क्रम असा: आधी वाचायचं, मग प्रत काढायची, डिस्कवर लिहायचं ते शेवटी.

प्रत काढायचा कंटाळा येतो हे खरं. बॅकअप ताजा असेल तर ही पायरी ओलांडून जा, मी अडवणार नाही. नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा. उबुंटूचा चालतो, ‘सिस्टिमरेस्क्यू’ खास याच कामासाठी असतो. त्यावरून बूट करा आणि मूळ डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क जोडा. डिस्क ठणठणीत असेल तर साधी कॉपी पुरते. वाचताना अडखळत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हवं. याची खुबी त्याच्या मॅप फाइलमध्ये आहे: कुठला भाग आला, कुठला राहिला हे ते लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच बंद पडलं तरी पुन्हा त्याच मॅप फाइलसह चालवलं की राहिलेल्या जागेपासून पुढे जातं. पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने करायची, म्हणजे सहज वाचता येतं तेवढं आधी पदरात पडतं आणि खराब जागा खरवडण्यात डिस्कचं उरलंसुरलं आयुष्य खर्च होत नाही. मग दुसऱ्या फेरीत ‘डी’ आणि ‘आर३’ देऊन अडलेल्या जागांवर आणखी तीनदा प्रयत्न. कमांडमध्ये आधी मूळ डिस्क, मग प्रतीची फाइल, मग मॅप फाइल. हा क्रम उलटला तर काय होईल ते सांगायला नको. एंटर मारण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ने दोन्ही डिस्कचे आकार आणि मॉडेलची नावं पुन्हा ताडून बघा. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी १ टीबीला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्कला दिवसही लागू शकतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असू द्या.

डिस्क खरोखरच आजारी असेल तर पुढचं सगळं या प्रतीवर करायचं, मूळ डिस्क काढून बाजूला ठेवायची. प्रतीची फाइल ‘लोसेटअप’ला मोठा ‘पी’ देऊन जोडली की तिच्यातली पार्टिशन खऱ्यासारखी दिसू लागतात.

आता तपासणी. लाइव्ह पेनड्राइव्हवरून काम करताना एक खोडी लक्षात ठेवायची: डेस्कटॉपवर डिस्कच्या चित्रावर क्लिक झालं की ती माउंट होते. माउंट झालेल्या, लिहिण्यासाठी खुल्या असलेल्या फाइल सिस्टिमवर एफएससीके चालवणं हा हमखास नासाडीचा मार्ग आहे. कर्नल स्वतःच्या मेमरीतल्या नोंदी खऱ्या मानून लिहीत असतो आणि एफएससीके त्याच्या पाठीमागे त्याच नोंदी बदलत असते. तसं करू गेलात तर कमांड मोठ्या अक्षरांत दटावते, तिथे थांबायचंच. ‘एलएसबीएलके’च्या माउंटपॉइंटच्या रकान्यात त्या पार्टिशनपुढे काही नाही, याची खात्री करून घ्या. डिस्क लक्सने कुलूपबंद असेल तर आधी ‘क्रिप्टसेटअप’ने उघडा, वर एलव्हीएम असेल तर ‘व्हीजीचेंज’ला ‘एवाय’ देऊन जागं करा, आणि मग आतल्या व्हॉल्यूमवर काम करा. बाहेरच्या कुलूपबंद पार्टिशनवर एफएससीके सोडू नका, तिथे तिला ओळखीचं काहीच सापडणार नाही.

पहिली फेरी ‘ई२एफएससीके’ला, म्हणजे ईएक्सटीसाठीच्या एफएससीकेला, ‘एफ’ आणि ‘एन’ देऊन. ‘एफ’ म्हणजे फाइल सिस्टिम स्वतःला निरोगी म्हणवत असली तरी तपास. ‘एन’ म्हणजे सगळ्या प्रश्नांना ‘नाही’, डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. इथे एक गंमत आहे. लिहायची मनाई असल्यामुळे ही फेरी जर्नलही लागू करत नाही, आणि तसं पहिल्याच ओळीत सांगते. त्यामुळे पुढे दिसणाऱ्या चुकांपैकी कितीतरी जर्नल लागू झाल्यावर आपोआप नाहीशा होणाऱ्या असतात. यादी लांबलचक दिसली म्हणून घाबरून जाऊ नये. ती वाचायची आणि फाइलमध्ये साठवून ठेवायची.

मग खरी फेरी, ‘वाय’ किंवा ‘एन’ न देता, म्हणजे ती प्रत्येक ठिकाणी तुम्हाला विचारेल. तपासणी पाच टप्प्यांत चालते आणि कुठल्या टप्प्यात काय विचारलं जातंय यावरून दुखण्याची खोली कळते. पाचव्यापासून उलटं बघू, कारण तिथले प्रश्न सगळ्यात सौम्य. ‘फ्री ब्लॉक्स काउंट राँग’ म्हणजे मोकळ्या ब्लॉकची बेरीज चुकली आहे; खुशाल ‘हो’ म्हणा. चौथ्यात आयनोडकडे किती नावं बोट दाखवतात ते मोजलं जातं. नोंद दोनची आहे आणि सापडलं एकच, तर आकडा सुधारू द्या. याच टप्प्यात ‘अनअटॅच्ड आयनोड’ भेटतो: मजकूर शाबूत आहे, पण कुठल्याच डिरेक्टरीत त्याचं नाव उरलेलं नाही. त्याला ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये जोडू का असं विचारलं तर हो म्हणायचं, नाहीतर तो कायमचा अनाथ. तिसऱ्यात डिरेक्टऱ्या मुळापर्यंत जोडलेल्या आहेत का ते, दुसऱ्यात डिरेक्टऱ्यांच्या आतल्या नोंदी.

खरी धग पहिल्या टप्प्यात. इथे प्रत्येक आयनोड तपासला जातो, आणि जो निरर्थक वाटतो त्याच्यापुढे ‘क्लिअर?’ असा प्रश्न येतो. ‘हो’ म्हटलं की तो आयनोड पुसला जातो, म्हणजे त्या फाइलचा मजकूर कुठल्या ब्लॉकमध्ये होता ही माहितीच जाते. पाच-दहा आयनोड असतील तर ठीक. शेकड्याने येऊ लागले तर काहीतरी मुळातच चुकलंय: पार्टिशन टेबलमध्ये सुरुवातीचा आकडा चुकला असेल, किंवा खालच्या रेडमधली डिस्क जुनी असेल. तिथे कंट्रोल-सी दाबून बाहेर यावं. असंच ‘मल्टिप्लाय-क्लेम्ड ब्लॉक्स’चं: एकाच ब्लॉकवर दोन फाइल हक्क सांगत आहेत. कमांड दोघींना वेगवेगळी प्रत काढून देऊ शकते, पण निदान एकीच्या पोटात परका मजकूर राहणारच. त्या फाइलची नावं पडद्यावर येतात. ती लिहून घ्या, पुढे लागतील. एका मर्यादेनंतर सारखेच बिनधोक प्रश्न येऊ लागले तर ‘ए’ दाबलं की पुढच्या सगळ्यांना ‘हो’ धरलं जातं. हे सहा-सात प्रश्न वाचल्यावर दाबणं आणि न वाचता आधीच ‘वाय’ देणं यात फरक आहे. तरीही धाकधूक असेल तर ‘झेड’ पर्यायाने दुसऱ्या डिस्कवरच्या एका फाइलचा मार्ग द्या. बदललेल्या प्रत्येक ब्लॉकची जुनी प्रत तिथे साठते आणि ‘ई२अनडू’ने मागे फिरता येतं. ही सोय फारशी कोणी सांगत नाही.

कधी कमांड सुरूच होत नाही, ‘बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक’ म्हणून परत येते. आधी बघा की चुकून संपूर्ण डिस्कचं नाव तर दिलं नाही ना, पार्टिशनचं द्यायचं असताना. ते बरोबर असेल तर सुपरब्लॉकच्या जादा प्रती कामी येतात. नेहमीच्या ४ केबी ब्लॉकच्या फाइल सिस्टिममध्ये एका गटात ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे १२८ एमबी. पहिली प्रत गट क्रमांक १मध्ये, म्हणजे ३२७६८ या ब्लॉकवर. त्यापुढच्या ३, ५ आणि ७च्या घातांच्या गटांमध्ये, म्हणजे ९८३०४, १६३८४०, २२९३७६ असं पुढे. ‘बी’ पर्यायासोबत यातला एक आकडा द्यायचा. या जागा शोधायला ‘एमकेई२एफएस’ला ‘एन’ देऊन चालवा असा सल्ला सर्रास मिळतो. ती फॉरमॅट करणारी कमांड आहे, ‘एन’ विसरला की खेळ खलास. वरचे आकडे हाताशी असताना तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

फेरी संपली की लगेच तीच तपासणी पुन्हा करा, ती पूर्ण स्वच्छ निघेपर्यंत. कमांड परतताना एक आकडाही देते: ० म्हणजे चूक नव्हती, १ म्हणजे चुका सुधारल्या, २ म्हणजे मशीन रीबूट करा, ४ म्हणजे काही चुका तशाच राहिल्या. मग पार्टिशन ‘आरओ’ने, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं माउंट करून गरजेचं सगळं बाहेर काढा आणि त्यानंतरच नेहमीसारखं बूट करा.

हे सगळं ईएक्सटी४चं झालं. एक्सएफएसवर एफएससीके चालवली तर ती काहीही न करता यश मिळाल्याचं सांगते. तिथली खरी कमांड ‘एक्सएफएस रिपेअर’ (मध्ये अंडरस्कोअर), आणि तिचा मोठा ‘एल’ पर्याय जर्नलच फेकून देतो, म्हणून आधी एकदा माउंट करून जर्नल लागू होतंय का ते पाहायचं. बीटीआरएफएसवर ‘चेक’ला ‘रिपेअर’ देणं हा अगदी शेवटचा उपाय. त्याआधी फक्त वाचण्यासाठी, ‘रेस्क्यू’चे पर्याय देऊन माउंट करून बघायचं, तेही नाही जमलं तर ‘बीटीआरएफएस रिस्टोअर’ने (इथे मात्र मध्ये जागा सोडायची) डिस्कला हात न लावता फाइल बाहेर काढायच्या. विंडोजची एनटीएफएस विंडोजच्याच ‘चेकडिस्क’कडे द्यावी. लिनक्समधली ‘एनटीएफएसफिक्स’ मोजक्याच किरकोळ गोष्टी सुधारते.

मशीन सुरू झाल्यावर ‘लॉस्ट+फाउंड’ उघडा. आत नावांऐवजी हॅशचं चिन्ह आणि आयनोडचे आकडे दिसतील. ‘फाइल’ नावाची कमांड प्रत्येकाची सुरुवात वाचून सांगते की हा जेपेग फोटो आहे, ही पीडीएफ आहे, ही नुसता मजकूर. फोटो लगेच ओळखू येतात. तुकड्यांतली डेटाबेसची फाइल मात्र बहुधा टाकाऊच. सिस्टिमच्या फाइल बदलल्यात का ते डेबियन-उबुंटूवर ‘डीपीकेजी’ला ‘व्हेरिफाय’ देऊन कळतं. ज्यांची नावं निघतील ती पॅकेज पुन्हा बसवायची, अर्थात सेटिंगच्या ज्या फाइल तुम्ही स्वतः बदलल्या असतील त्याही त्या यादीत येतात. तुमच्या स्वतःच्या फाइलसाठी अशी सोय नाही, कारण ईएक्सटी४ मजकुराचा चेकसम ठेवत नाही. मघाशी लिहून घेतलेली नावं आता एकेक करून उघडायची.

पुढचे काही आठवडे ‘डीएमईएसजी’वर नजर ठेवा. फाइल सिस्टिममध्ये नवी चूक नोंदली गेली असेल तर ईएक्सटी४ माउंटनंतर पाच मिनिटांनी आणि त्यापुढे दर २४ तासांनी ‘एरर काउंट सिन्स लास्ट एफएससीके’ अशी ओळ तिथे टाकते. ती पुन्हा दिसली आणि ‘स्मार्टसीटीएल’चे आकडे तसेच स्थिर असतील, तर डिस्कच्या मागे लागू नका. ग्रबच्या मेनूमधून किंवा पेनड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट’ लावून रात्रभर चालू ठेवा. एक जरी लाल ओळ आली तरी रॅमची पट्टी बदलल्याशिवाय पुढची कुठलीही दुरुस्ती फुकट आहे.